परतीच्या वाटेवरची गुठळी

मेंदूला रक्त पुरवतात धमन्या. ते परत हृदयाकडे नेतात शिरा. या परतीच्या वाटेत गुठळी बसली की रक्त तुंबते आणि कवटीतला दाब वाढतो. मग वाढत जाणारी डोकेदुखी, उलट्या, अंधूक दिसणे, कधी झटकेही येतात.

2021 मध्ये ॲस्ट्राझेनेकाची, म्हणजे आपल्याकडची कोविशील्ड, लस घेतलेल्या अगदी मोजक्या लोकांत अशा गुठळ्या आढळल्या. प्लेटलेटमधल्या ‘पीएफ4’ या प्रथिनाविरुद्ध शरीराने प्रतिपिंडे तयार केली होती. ती प्लेटलेटना चेतवतात. गुठळ्या बनवण्यात प्लेटलेट खर्ची पडतात, म्हणून त्यांची संख्या घटते.

या लशीचा वाहक होता ॲडेनोव्हायरस. 2023 मध्ये कॅनडातील थिओडोर वॉर्केंटिन, अमेरिकेतील स्टीफन मोल आदी संशोधकांनी दाखवले, की सर्दी-ताप आणणाऱ्या साध्या ॲडेनोव्हायरसच्या संसर्गानंतरही, क्वचितच, अशीच प्रतिपिंडे तयार होतात.

गुठळीचा हा प्रकार वेळीच ओळखला तर जीव वाचू शकतो. कारण या प्रकारात हेपॅरिन सहसा टाळून रक्त पातळ करणारी दुसरी औषधे आणि शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन देतात. तापानंतर डोकेदुखी वाढतच गेली आणि प्लेटलेट घटल्या, तर वाट पाहू नका; लगेच रुग्णालय गाठा.