मधुमेह आणि आपलें रोजचें ताट

आपल्या भाषेंत ‘गोड’ या शब्दास जो मान आहे, तो दुसऱ्या कोणत्याही रसाच्या वाट्यास आलेला नाहीं. मूल गोड, गळा गोड, स्वभाव गोड. पाहुण्यास ‘गोड मानून घ्या’ म्हणावयाचें. लग्न ठरलें कीं तोंड गोड करावयाचें. आणि सुतकाचे दिवस संपले म्हणजे दुःखाचा शेवटही गोडाच्या जेवणानेंच करावयाचा! अशा समाजांत, ज्याच्या नांवांतच ‘मधु’ आहे असा एक रोग घरोघर येऊन बसावा, हा दैवदुर्विलास खराच. परंतु दैवास बोल लावण्यापूर्वीं आपण आपल्या ताटाकडे एकदां नीट पाहावें, एवढ्याच हेतूनें आम्ही हा लेख लिहीत आहों.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्यानें देशभर झालेल्या पाहणीचे निष्कर्ष सन २०२३ मध्यें प्रसिद्ध झाले. त्यांवरून आपल्या देशांत सुमारें १० कोटी १० लक्ष लोकांस मधुमेह असून, आणखी सुमारें १३ कोटी ६० लक्ष लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत, असा अंदाज निघतो. पहिला आंकडा भय उत्पन्न करतो. दुसरा मात्र आमच्या मतें आशेस जागा देतो. कारण उंबरठ्यावरून मागें फिरतां येतें.

हा रोग आपणांस नवा नाहीं. चरकाचार्यांनीं प्रमेहाचीं कारणें सांगतांना बैठकीचें सुख, झोपेचें सुख, दह्यादुधाचा अतिरेक, नवें धान्य आणि गुळाचे पदार्थ यांची एकत्र गणना केली आहे. आणि शरीराकडे व मूत्राकडे मुंग्या धांवूं लागणें हें पूर्वलक्षणांत घातलें आहे. सुश्रुताचार्यांनीं जन्मतः येणारा व अपथ्यानें जडणारा असे दोन भेद केले, आणि निर्धन रोग्यास शंभर योजनें पायीं चालण्याचा उपचार सांगितला. आजच्या वैद्यकाची परिभाषा निराळी आहे व त्याचें ज्ञान पुष्कळ पुढें गेलें आहे. तथापि बसून राहणें आणि श्रमाच्या मानानें अधिक खाणें या कारणांकडे त्याचेंही बोट आहेच.

आतां हा रोग होतो कसा, तें पाहूं. येथें आम्ही ज्यास दुसऱ्या प्रकारचा मधुमेह म्हणतात, त्याविषयींच बोलत आहों. कारण शंभरांतील नव्वदांहून अधिक रोगी त्याच प्रकारचे असतात. भात, पोळी, भाकरी, बटाटा, साबुदाणा यांतील पिष्टमय भाग पचून अखेर ग्लुकोज नामक साखरेंतच रूपांतर पावतो. ही साखर रक्ताबरोबर शरीरभर फिरते. पण स्नायूंच्या पेशींत तिचा नीट प्रवेश व्हावा यासाठीं स्वादुपिंडांतून निघणारें इन्शुलिन लागतें. इन्शुलिन ही जणूं दाराची किल्ली होय. या प्रकारांत आरंभीं किल्ली असते, परंतु कुलूप गंजलेलें असतें. यकृतांत व पोटांत साठलेली चरबी हें त्या गंजाचें एक मोठें कारण. स्वादुपिंड अधिकाधिक किल्ल्या घडवीत राहतें, आणि कांहीं वर्षांनीं तेंही थकतें. मग साखर रक्तांत तुंबते व डोळे, मूत्रपिंडें, हृदय आणि पायांच्या नसा यांची हानि गुपचूप चालू होते. दुखत नाहीं, खुपत नाहीं, म्हणूनच हा रोग अधिक कपटी.

‘आमच्या घरांत कोणी लठ्ठ नाहीं, मग आम्हांस कसलें भय?’ असें म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्यासाठीं पुण्याच्याच एका संशोधकाचें उदाहरण देतों. तेथील के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व इंग्लंडांतील त्यांचे सहकारी डॉ. युडकिन या दोघांचें छायाचित्र सन २००४ मध्यें ‘लॅन्सेट’ या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकांत छापलें गेलें. उंचीच्या मानानें दोघांचें वजन अगदीं सारखें. परंतु युडकिन यांच्या अंगांत चरबी शेंकडा ९, तर याज्ञिक यांच्या अंगांत शेंकडा २१! दिसण्यांत कृश व आंतून मेदस्वी, अशी आपल्या भारतीय देहाची घडण असूं शकते. म्हणून वजनाच्या कांट्याइतकीच शिंप्याची फीत महत्त्वाची. कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरांच्या वर गेला, कीं सावध व्हावें.

आणि रक्त तपासावें. रात्रभर उपाशी राहून सकाळीं दिलेल्या रक्तांत दर डेसिलिटरला १०० मिलिग्रॅमहून कमी साखर असणें हें निरोगी. १०० ते १२५ हा उंबरठा. १२६ किंवा अधिक, आणि पुन्हां तपासूनही तसेंच आढळल्यास तो मधुमेह. मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी नांवाची दुसरी तपासणी आहे, तींत ५.७ ते ६.४ हा उंबरठा व ६.५ पासून पुढें रोग समजतात. ज्यांच्या आईवडिलांस हा रोग आहे, त्यांनीं तर तिशीनंतर ही तपासणी टाळूं नये.

आतां ताटाकडे वळूं. आपलें ताट वाढण्याची पद्धत ज्यांनीं घालून दिली, त्यांचें आम्हांस नेहमींच कौतुक वाटत आलें आहे. डाव्या बाजूस मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर; उजव्या बाजूस भाजी, उसळ, आमटी; आणि मध्यें भात व पोळी. यांत काय उणें आहे? दोष रचनेचा नाहीं, प्रमाणाचा आहे. कोशिंबीर चमचाभर, उसळ नांवापुरती, आणि मध्यें आधीं वरणभात, मग चार पोळ्या, मग पुन्हां ताकभात, असें झालें म्हणजे ताटाच्या दोन्ही बाजू शोभेपुरत्या उरतात. हें प्रमाण उलटावें. अर्धें ताट कोशिंबीर व भाज्या यांनीं भरावें. बटाटा व रताळें यांची गणना मात्र भाजींत न करतां भातांत करावी. पाव ताट घट्ट वरण, उसळ, पिठलें, दहीं यांस द्यावें. उरलेल्या पाव ताटांत भात किंवा पोळी, दोहोंपैकीं एक, किंवा दोन्ही थोडथोडीं. शंभर ग्रॅम कच्च्या तांदळांत सुमारें ७८ ग्रॅम पिष्ट असतें, तर तेवढ्याच तुरीच्या डाळींत सुमारें २२ ग्रॅम प्रथिन असतें व चोथाही बराच असतो. पातळ आमटींत डाळ शोधावी लागते. ती घट्ट केली कीं निम्में काम झालें.

खाण्याचा क्रमही बदलून पाहावा. आधीं कोशिंबीर व उसळ, मागून पोळी-भात, असें केल्यास जेवणानंतर रक्तांतील साखर एकदम उसळत नाहीं, असा अनुभव प्रयोगांत आलेला आहे. पहिला घांस वरणभाताचाच घ्यावयाचा असा ज्या घरीं नियम असेल, तेथें तो एक घांस खुशाल घ्यावा. नियमही राहील आणि रक्तही बिघडणार नाहीं.

भाकरीविषयीं एक गैरसमज पसरला आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी हीं धान्यें चोथ्यामुळें पांढऱ्या भाताहून बरीं हें खरें. पण तीं औषध नव्हेत. त्यांतही पिष्टच प्रमुख आहे. दोन फुलक्यांच्या ऐवजीं दोन थोरल्या भाकरी खाऊन कोणी पथ्य पाळल्याचें समाधान मानूं नये.

साखरेचा हिशेब गृहिणींनीं एकदां कागदावर मांडावा. दिवसास चार कप चहा, दर कपास दोन चमचे, आणि चमच्यास सुमारें पांच ग्रॅम धरिले, तर एका माणसाच्या पोटांत चहावाटे रोज ४० ग्रॅम साखर जाते. महिन्यास ती १२०० ग्रॅम होते. दहा माणसांच्या घरांत १२ किलो! जागतिक आरोग्य संघटनेनें सन २०१५ मध्यें सुचविलेली इष्ट मर्यादा दिवसास सुमारें २५ ग्रॅमची आहे, व तींत मिठाई, सरबतें, बिस्किटें सर्व आलें. दर पंधरवड्यास कपामागें अर्धा चमचा कमी केला, तर दोन महिन्यांत जीभ तक्रार करीनाशी होते. गूळ व मध हीं साखरेचींच सख्खीं भावंडें; त्यांस सात्त्विक म्हटल्यानें रक्त फसत नाहीं. फळ चावून खावें, रस काढून पिऊं नये. आंब्याच्या दिवसांत आंबा खावा. परंतु जेवणावर आमरसाच्या वाट्या रिचविण्यापेक्षां अर्धा आंबा फोडी करून, त्या वेळची पोळी कमी करून खावा.

उपासाच्या दिवशीं तर आपण नांवानें उपास व कृतीनें मेजवानी करतों. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यांत बटाटा घालून तुपावर परतलें, कीं एकादशीच्या दुप्पट खाशीचें नुसतें नांवच नव्हे, साखरही दुप्पट होते. काकडी, ताक, मूठभर दाणे, राजगिऱ्याची एखादी भाकरी, एवढ्यांत उपास उत्तम होतो. नेहमींच्या न्याहारीस पोह्यांत मटार व दाणे सढळ हातानें घालावे, किंवा मुगाचें धिरडें, मोडाच्या मटकीची उसळ, भाजणीचें थालीपीठ असे पदार्थ आलटून पालटून करावे.

येथवर पदार्थांविषयीं झालें. पण खरी अडचण पदार्थांची नसून मनांची आहे. एकत्र कुटुंबांत एकास मधुमेह झाला, कीं त्याचें पान निराळें होतें. आमच्या परिचयाच्या एका घरीं आजोबांसाठीं कारल्याचा रस व बेचव भाजी वेगळी होई, आणि पलीकडच्या पंगतींत जिलब्या वाढल्या जात. परिणाम व्हावयाचा तोच झाला: आजोबा रात्रीं डब्यांत हात घालूं लागले, आणि सुना-नातवंडें त्यांस चोर म्हणून हंसूं लागलीं. पुढें थोरल्या सुनेनें धोरणानें सर्वांचाच स्वयंपाक एक केला. सणावारीं गोड केलें, तर लहान वाटींत एकदांच आणि सर्वांस सारखें. आजोबांची साखर उतरली, हा लाभ झालाच. परंतु त्यांचा मान त्यांस परत मिळाला, हा लाभ आम्हांस अधिक मोठा वाटतो. शिवाय ज्या घरांत आजोबांस हा रोग आहे, तेथें मुलानातवांसही त्याचा धोका अधिक असतो. तेव्हां आजोबांचें पथ्य तें सर्वांचें पथ्य, हा केवळ दयेचा नव्हे, शहाणपणाचा मार्ग आहे.

दुसरी गोष्ट त्याहून नाजूक आहे. आजही पुष्कळ घरांत सर्वांच्या मागून जेवणारी जी स्त्री, तिच्या वाट्यास उसळ संपलेली असते व भात उरलेला असतो. ‘टाकवत नाहीं’ म्हणून ती तो खाते, आणि तिच्या रक्ताची तपासणी सर्वांच्या शेवटीं होते, किंवा होतच नाहीं. गरोदरपणीं जिची साखर वाढली होती, तिला पुढें मधुमेह जडण्याचा धोका पुष्कळ वाढतो. बाळंतपणानंतर तिची तपासणी ठराविक काळानें झालीच पाहिजे. घरांतील पुरुषांनीं तिला आपल्या पंगतीस बसवावें. आग्रह करण्याची हौसच असेल, तर ‘आणखी एक लाडू’ याऐवजीं ‘आणखी थोडी कोशिंबीर’ असा आग्रह करून पाहावा.

या प्रयत्नांनीं खरोखर कांहीं साधतें काय? चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं उंबरठ्यावरील ५३१ व्यक्तींवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष सन २००६ मध्यें प्रसिद्ध झाले. विशेष मार्गदर्शन न मिळालेल्यांपैकीं तीन वर्षांत शेंकडा ५५ जणांस मधुमेह जडला. आहार व चालणें यांविषयीं सतत मार्गदर्शन मिळालेल्यांत तें प्रमाण शेंकडा ३९ वर राहिलें. म्हणजे निर्भय कोणीच होत नाहीं, पण वांचणारे पुष्कळ वाढतात. तेव्हां आपली जुनी शतपावलीही शंभर पावलांवर न थांबवितां जेवणानंतर पंधरा मिनिटें करावी; चालतांना स्नायू रक्तांतील साखर स्वतःच ओढून घेतात.

एक इशारा आवश्यक आहे. ज्यांस औषधें किंवा इन्शुलिन चालू आहे, त्यांनीं हा लेख वाचून आपल्या मनानें तीं बंद करूं नयेत, अथवा डॉक्टरांस न विचारतां कडक उपास धरूं नयेत. अशा वेळीं साखर फार उतरून घाम, थरकांप, भ्रम होऊं शकतो. असें झाल्यास शुद्धीवर असलेल्या रोग्यास तत्काळ तीन चमचे साखर पाण्यांतून द्यावी, पंधरा मिनिटांनीं पुन्हां पाहावें, आणि गुण न आल्यास वैद्यकीय मदत घ्यावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडांत मात्र कांहींही घालूं नये. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनीं डाळी-उसळींचें प्रमाणही डॉक्टरांच्याच सल्ल्यानें ठरवावें.

गोडावर बहिष्कार घाला, असें आमचें म्हणणें नाहीं. गणेशचतुर्थीचा मोदक व होळीची पुरणपोळी घरांतून जाऊं नये, अशीच आमचीही इच्छा आहे. परंतु सण हा सणासारखा वर्षांतून मोजक्या दिवशीं यावा. तो रोज सकाळीं चहाच्या कपांत येऊं लागला, तर सणाची गोडी राहत नाहीं आणि देहाचें स्वास्थ्यही राहत नाहीं. घरच्या ताटाची सूत्रें ज्यांच्या हातीं आहेत, त्यांनीं उद्यांच्या स्वयंपाकापासूनच कोशिंबिरीचें पातेलें थोडें मोठें आणि भाताचें पातेलें थोडें लहान घ्यावें, इतकीच आमची विनंति आहे.