आईला ऊन का बाधतं?

मुलांनो, मे महिन्यात भर दुपारी तळेगावच्या बाजारात एखादी आई मध्येच सावली गाठून बसली, तिला समोरच्या दुकानाची पाटी धूसर दिसायला लागली, पाय उचलेनासे झाले, तर तुम्हाला काय वाटेल? दमली असेल? लोक याहून वाईट बोलतात. आळशी आहे म्हणतात, नाटक करते म्हणतात. ती आई म्हणजे मी. मला मल्टिपल स्क्लेरॉसिस, म्हणजेच एमएस नावाचा जुनाट आजार आहे. तो संसर्गानं पसरत नाही, घाबरू नका. गंमत पुढेच आहे. मान-तोंड गार पाण्यानं पुसून पंख्याखाली बसले, की थोड्या वेळानं तीच पाटी मला नीट वाचता येते!

हे कोडं विल्हेल्म ऊथॉफ या जर्मन नेत्रवैद्यानं 1890 मध्ये नोंदवून ठेवलं. त्याच्या काही रुग्णांची नजर चालून दमल्यावर मंदावायची आणि विश्रांती घेतली की परत यायची. त्याला वाटलं, हा श्रमांचा परिणाम. पण श्रमांनी शरीर तापतं ना? खरी गोम त्या तापण्यात आहे, हे नंतरच्या डॉक्टरांना उमगलं. मग कितीतरी वर्षं एमएस ओळखण्यासाठी रुग्णाला चक्क गरम पाण्याच्या टबात बसवत! आता एमआरआय आहे, त्या टबाची गरज उरली नाही.

पण उष्णता करते तरी काय? मेंदूचे निरोप मज्जातंतूंमधून विजेच्या रूपात धावतात. तंतूवर मायलिन नावाचं स्निग्ध वेष्टण असतं आणि त्यात ठरावीक अंतरावर बारीक फटी. ओढा ओलांडताना तुम्ही दगडावरून दगडावर उड्या मारता, तसा निरोप फटीवरून फटीवर उडी घेत जातो. म्हणून तर काही तंतूंमध्ये त्याचा वेग सेकंदाला शंभर मीटरपर्यंत पोचतो. एमएसमध्ये शरीराची स्वतःचीच संरक्षक फौज मेंदू आणि मज्जारज्जूतल्या मायलिनला शत्रू समजते आणि ते कुरतडते. मग मधले दगड वाहून गेल्यासारखं होतं, उडी लांब पडते.

या उडीला जोर मिळतो तो तंतूवरच्या सोडियमच्या सूक्ष्म दारांमधून. शरीर तापलं की ही दारं लवकर मिटतात आणि जोर कमी पडतो. तुमच्या तंतूंकडे जोराचा भरपूर साठा असतो, त्यामुळे तुम्हाला काहीच जाणवत नाही. माझ्यासारख्यांना मात्र कधीकधी अर्धा अंशसुद्धा पुरतो. निरोप मध्येच विरतो. गार झालं की दारं जरा जास्त वेळ उघडी राहतात आणि निरोप पलीकडे पोचतो. म्हणजे उन्हानं नवी जखम झालेली नसते! हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला केवढा धीर आला! मात्र गार झाल्यावरही त्रास दिवसभर टिकला, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

आमचं मावळ गारव्याच्या बाबतीत भाग्यवान. साधारणपणे हजार मीटर वर गेलं की हवा सुमारे साडेसहा अंशांनी गार होते. खोपोली घाटाच्या पायथ्याशी, तर लोणावळा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून उंच. त्यामुळे बोरघाट चढून आलं की तीन-साडेतीन अंशांचा फरक पडतो. भाजे-कार्ल्याच्या लेण्यांत शिरलं की आणखी गार, कारण काळ्या पाषाणाचा तो जाड डोंगर तापायला फार वेळ घेतो.

पण पाऊस यायच्या आधीचा दमटपणा मोठा वाईट. एक लिटर घाम पूर्ण वाळला, तर तो इतकी उष्णता घेऊन जातो, की तेवढ्यात साधारण साडेसात लिटर साधं पाणी उकळेल. हवाच ओली असली तर घाम वाळणार कसा? करून पाहा: दोन्ही हात ओले करा, एक प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि दोन्ही पंख्यासमोर धरा. पिशवीतला हात गार पडत नाही. पावसाळ्यात रेनकोट घालून लोहगड चढताना माझं अख्खं शरीर त्या पिशवीतल्या हातासारखं होतं. म्हणून मुलीला घेऊन मी लोहगडावर जाते ती हिवाळ्यात, तेही सकाळी लवकर. बाजार ऊन चढायच्या आत, पोळ्या उजाडताच, गळ्याभोवती ओला पंचा. दुपारी तिचे बाबा गॅससमोर उभे राहतात आणि मी तिला माठातलं पाणी पीत गोष्ट सांगते. दुपारची आई अशीही असू शकते.

तुमच्या वर्गातही कुणाच्या आईला किंवा बाबांना ऊन असं बाधत असेल. ते भर दुपारच्या खेळांना आले नाहीत, तर त्या मित्राला चिडवू नका. उलट बाईंना सांगा, पालकसभा सकाळी लवकर ठेवा आणि पंख्याखालची एक खुर्ची राखून ठेवा.