पुण्यात जेवायचे कुठे?

गेल्या आषाढात गावाहून माझ्या धाकट्या भावाचा फोन आला. त्याची नात पुण्यास येऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणार होती. खोली ठरली होती, अभ्यासिका ठरली होती, पुस्तकांची यादीसुद्धा तयार होती. सगळे सांगून झाल्यावर त्याने जरा घुटमळत विचारले, "दादा, पण पोरीने सकाळी खायचे कुठे आणि जेवायचे कुठे? तू तिथला जुना माणूस. जरा हिंडवून आण तिला."

आता पुण्यात पन्नास-साठ वर्षे काढलेल्या माणसाला असा प्रश्न विचारणे म्हणजे कीर्तनकाराला पूर्वरंग लावायला सांगण्यासारखे आहे. मी लगेच कागद-पेन्सिल घेऊन बसलो. सकाळची यादी वेगळी, दुपारची वेगळी, आणि सौभाग्यवती ओरडेल म्हणून न सांगण्याची आणखी एक वेगळी!

वाचकहो, पुणे आता कितीही अवाढव्य झाले, तरी मुळात ते डोंगरांच्या कुशीतले गाव. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून अधिक उंच, एका अंगाला पर्वती, दुसऱ्या अंगाला चतुःशृंगी आणि वेताळ टेकडी. हवा कोरडी, पहाटे गारवा, आणि टेकडी चढून आलेल्या माणसाला सपाटून भूक. पुणेकराच्या न्याहारीचे मूळ या टेकड्यांत आहे असे माझे प्रामाणिक मत आहे. ज्याला ते पटत नसेल त्याने रविवारी भल्या पहाटे सिंहगड चढावा. शहरापासून तीसेक किलोमीटरवरचा हा गड तेराशे मीटरांहून उंच. आतकरवाडीच्या वाटेने घाम गाळत वर गेले, की चुलीवरचे झुणका-पिठले, भाकरी, ठेचा, कांद्याची गरम भजी आणि मडक्यातले घट्ट दही समोर येते. ती न्याहारी की जेवण, हा वाद तिथे कोणी घालीत नाही.

नातीला मी पहिल्या दिवशी नारायण पेठेत नेले. बेडेकरांची मिसळ ही कोल्हापूरच्या मिसळीसारखी अंगावर येणारी नव्हे. तिच्यात गोडसर झाक असते, आणि पावाऐवजी ब्रेडच्या स्लाइस मिळतात. आमची नात पाटणची. पहिल्या घासाला तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की जणू मी तिला फसवले. पण रस्सा दुसऱ्यांदा मागून घेतला, तेव्हा मी निर्धास्त झालो.

दुसऱ्या दिवशी डेक्कनवर, १९३५ सालच्या गुडलकमध्ये बनमस्का आणि इराणी चहा. एका उपाहारगृहाने अख्ख्या चौकाला आपले नाव द्यावे हे भाग्य थोड्यांच्याच वाट्याला येते. पुढे फर्ग्युसन रस्त्यावर वैशाली. आमच्या आधीच्या पिढीतले लोक तिला तिच्या जुन्या नावाने, मद्रास हेल्थ होम म्हणूनच ओळखत. उडुपीकडच्या जगन्नाथ शेट्टींनी पोरवयात घर सोडून हॉटेलात काम धरले आणि पुढे पुणेकरांना इडली-डोशाची गोडी लावली. २०२३ साली ते वारले, तेव्हा कितीतरी पुणेकरांना आपल्या कॉलेजातले दिवस गेल्यासारखे वाटले. लष्कर भागात गेलात तर दोराबजींचे भोजनगृह १८७८ पासूनचे, आणि ईस्ट स्ट्रीटवरची कयानी बेकरी १९५५ सालची. तिथली श्रूज्बरी बिस्किटे पुण्याहून जाणारा पाहुणा न घेता गेला, तर त्याला घरी जाब द्यावा लागतो. आणि या सगळ्यांच्या अधेमधे, गल्लीच्या तोंडाशी, पितळी पातेल्यात आले-वेलदोडा कुटून उकळणारी अमृततुल्ये. राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी कुटुंबांनी ती मांडली आणि पुण्याने आपली म्हटली.

जेवणाची यादी काढताना मात्र पेन्सिल जरा थांबली. कारण न्याहारी ही चैन असू शकते. जेवण ही गरज असते, आणि पुण्यात परगावच्या विद्यार्थ्याने जेवायचे कुठे, या प्रश्नाला फार जुना इतिहास आहे.

एके काळी गरीब विद्यार्थी झोळी घेऊन माधुकरी मागत. कोणी वार लावून जेवत: सोमवारी जोशांकडे, मंगळवारी गोखल्यांकडे, आणि एखादा वार रिकामा राहिला तर त्या दिवशी पाणी पिऊन अभ्यास! १९०९ साली पुण्यात अनाथ विद्यार्थी गृह निघाले, तिथली मुलेही माधुकरीवर शिकली. पुढे १९५५ साली डॉ. अच्युतराव आपट्यांनी विद्यार्थी साहाय्यक समिती स्थापन केली, तीही खेड्यातून येणाऱ्या पोरांच्या राहण्या-जेवणाची काळजी वाहण्यासाठीच. ज्याला महिन्याचे पैसे भरता येत त्याच्यासाठी खानावळी होत्या. टिळक रस्त्यावरचे बादशाही बोर्डिंग, लक्ष्मी रस्त्यावरचे पूना गेस्ट हाऊस ही नावे तर महाराष्ट्रभर गेली. यातले पूना गेस्ट हाऊस १९३५ साली नानासाहेब सरपोतदारांनी काढले. मूकपटांच्या काळातला हा नामांकित चित्रपट-निर्माता भोजनगृहाकडे वळला, आणि तिथल्या पंक्तीला नाटक-सिनेमाची माणसे हटकून दिसू लागली.

पण माझी खानावळ या यादीत नाही. तिला पाटीसुद्धा नव्हती.

१९६७ च्या जूनमध्ये मी पत्र्याची ट्रंक घेऊन स्वारगेटला उतरलो. माझे गाव कोयनेच्या खोऱ्यातले. वडील प्राथमिक शिक्षक, महिन्याच्या महिन्याला मनिऑर्डर करीत. सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात, जिन्याखालून वाकून गेले की दोन खोल्या लागत. तिथे काकू खानावळ चालवीत. त्यांचे मूळ घर नदीकाठच्या पेठेत होते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्या पुरात घर आणि यजमानांचे दुकान, दोन्ही गेली. यजमान त्या धक्क्यातून पुन्हा उभे राहिले नाहीत. काकूंनी मात्र सहा पाट, एक पोळपाट आणि उधारीचे वाणसामान एवढ्यावर संसार परत मांडला होता.

खानावळीचे शास्त्र ज्याने भोगले आहे त्यालाच कळेल. आम्ही जेवणारे म्हणजे 'मेंबर'. महिन्याचे चाळीस रुपये, दोन वेळा. पोळ्या, एक भाजी, आमटी, भात आणि ताक. रविवारी दुपारी गोड, म्हणून संध्याकाळी बंद. गावी जायचे असेल तर आदल्या रात्री सांगायचे, म्हणजे वहीत आपल्या नावापुढे 'खाडा' पडे आणि तेवढे पैसे वजा होत. न सांगता गैरहजर राहिलात तर पैसे बुडाले! काकूंची ती लाल कापडी बांधणीची वही फडताळात देवाच्या तसबिरीशेजारी असे. काकू बोलायला कडक. आमटी दुसऱ्यांदा मागितली तर वाढीत, पण "पाटणवाले, आमटी प्यायची नसते, भाताला लावायची असते," हे ऐकवूनच वाढीत.

११ डिसेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास अंथरुणासकट हललो. पुण्यात मांडणीवरची भांडी खणखणली, लोक रस्त्यावर आले आणि गप्पा मारून परत झोपले. सकाळी कोयनेचे नाव कळले आणि माझे पाय गळाले. मिळेल त्या गाडीने गावी गेलो. माणसे वाचली होती, देवाची कृपा. पण घराच्या भिंती बसल्या होत्या, आणि आई अंगणात तीन दगडांवर भात शिजवीत होती. आठवड्याने वडील म्हणाले, "तू परत जा. वर्ष वाया घालवू नकोस. पैशाचे मात्र आता काही सांगता येत नाही."

२० तारखेला पुण्यास आलो आणि खानावळीकडे फिरकलोच नाही. जेवल्यावर पैसे द्यायचे असतात, ते माझ्याजवळ नव्हते. दोन दिवस शेंगदाणे आणि केळी यांवर काढले. तिसऱ्या दिवशी काकूंचा दहा वर्षांचा मुलगा खोलीच्या दारात उभा. "आईने बोलावले आहे. आत्ता."

मी गेलो. पाट मांडलेला होता. मी उभ्याउभ्याच सांगितले, "काकू, मला आता मेंबर राहता यायचे नाही." त्या म्हणाल्या, "आधी जेव. ताट गार होते आहे." एवढेच. घराचे काय झाले, कोण कसे आहे, हे त्यांनी मी जेवून हात धुतल्यावर विचारले.

त्या दिवसापासून मी रोज जेवत होतो आणि रोज हिशेब मनात वाढत होता. मार्चअखेर वडिलांची पहिली मनिऑर्डर आली. पैसे घेऊन गेलो आणि म्हटले, "काकू, माझे किती झाले?" त्यांनी वही पुढे सरकवली. २२ डिसेंबरपासून ३१ मार्चपर्यंत माझ्या नावापुढे सलग खाडे होते. मी मोजले. एकशे एक दिवस.

"काकू, मी तर जेवत होतो."

"वहीत तसे नाही," त्या म्हणाल्या आणि तव्यावरची पोळी उलटली.

पुढे नोकरी लागल्यावर, १९७२ साली, मी पाकिटात एकशे पस्तीस रुपये घालून गेलो. हिशेबाने तेवढेच होत होते. त्यांनी पाकीट उघडलेही नाही. "खाड्याचे पैसे मी कधी कोणाकडून घेतले नाहीत. आता म्हातारपणी काय तो नियम मोडू?" आज तो वाडा नाही, काकूही नाहीत. त्या जागी सहा मजली इमारत आहे आणि जिन्याखाली मोटारी उभ्या असतात.

ही हकिकत मी नातीला सांगितली ती तिला पुण्याची खाद्ययात्रा घडवून महिना-दीड महिना झाल्यावर. आम्ही टिळक रस्त्यावर थाळी घेतली होती. तिने ज्या वेगाने दुसरी वाटी आमटी संपवली, ते पाहून मला कशाचीतरी आठवण झाली. मी सहज विचारले, "रात्री कुठे जेवतेस?"

बराच वेळ ती बोटाने पाण्याच्या भांड्याची कड फिरवीत राहिली. मग म्हणाली, "आजोबा, मी आणि माझी खोलीसोबतीण मिळून एकच डबा लावला आहे. अकराला अर्धा खातो, रात्री अर्धा. नाश्ता म्हणजे चहा. तिच्याकडे दोन वर्षे पाऊस नाही झालेला. तिला एकटीला डबा परवडत नाही, आणि ती फुकटचे घेणार नाही. म्हणून मी सांगितले, मला पूर्ण डबा जात नाही."

मी पुण्यातली एकाहून एक चविष्ट ठिकाणे दाखवीत हिंडत होतो, आणि पोरगी मात्र 'पूर्ण डबा जात नाही' म्हणत होती! सदाशिव पेठेत, नवी पेठेत, शास्त्री रस्त्याच्या आजूबाजूला आज हजारो मुलेमुली अशीच राहतात. नांदेड, बीड, जत, माण, पाटण. अभ्यासिकेत दिवस आणि एका डब्यावर दोघे. आमच्या वेळची माधुकरी गेली, वार गेले. ते गेले हे बरेच झाले, कारण त्यात दात्याचे पुण्य मोठे आणि घेणाऱ्याची मान खाली असे. पण त्यांच्या जागी काय आले, हे आम्ही पेठेतल्या लोकांनी कधी विचारले नाही.

मी घरी येऊन सौभाग्यवतीला सांगितले. ती म्हणाली, "पैसे देऊ नका. घेणार नाहीत. मला मात्र गुडघ्यामुळे मंडईत जाणे होत नाही." दुसऱ्या दिवसापासून दोघी आळीपाळीने आमची भाजी आणतात, आणि भाजी आणणाऱ्याने जेवल्याशिवाय जायचे नाही, असा आमच्या घरचा जुना नियम असल्याचे त्यांना सांगण्यात आले आहे. हा नियम किती जुना, हे कृपा करून त्यांना कोणी सांगू नये.

आता एक व्यवहाराची गोष्ट. दिवाळीत मेस बंद असतात. स्वयंपाकी गावी जातात, डबेवाल्या मावश्यांनाही चार दिवस हवेच असतात. परीक्षा तोंडावर असलेली, किंवा एसटीचे भाडे वाचवणारी मुले मात्र पेठेतच राहतात. लक्ष्मीपूजनाच्या रात्री रस्ताभर चकलीचा वास सुटलेला असतो आणि ही पोरे खोलीत बिस्किटांचा पुडा फोडतात. तेव्हा भावाला पाठवायच्या माझ्या यादीत मी शेवटी एक ओळ वाढवली आहे. पुण्यात न्याहारी पुष्कळ ठिकाणी उत्तम मिळते. जेवण मात्र त्या घरी करावे, जिथे आधी ताट वाढतात आणि मग चौकशी करतात.

यंदा पाडव्याला आमच्याकडे सहा पाने अधिक आहेत. नात, तिची सोबतीण आणि त्यांच्या अभ्यासिकेतली चौघे. त्यांतला एक मुलगा आमटी पितो म्हणे. पिऊ दे. माझ्या नावावर अजून पुष्कळ खाडे शिल्लक आहेत.