हट्ट्याहून औंढ्याला

वसमत तालुक्यातल्या हट्ट्याला बारवा बघत हिंडणारी माणसं मुद्दाम वाट वाकडी करून येतात. मराठवाड्याच्या या भागात जुनं बांधकाम बघायचं म्हणजे बरेचदा पायऱ्या उतरायच्या. हट्ट्याची दगडी बारव बघून झाली की परत फिरू नका, औंढा नागनाथाकडे निघा.

औंढ्याला बहुतेक जण रांगेत शिरतात, दर्शन घेतात आणि गाडीकडे वळतात. हे देऊळ मात्र खरं बाहेरून फिरूनच कळतं. तळाचं दगडी काम यादवकाळातलं, साधारण 13व्या शतकातलं. जोत्यावर हत्तींची ओळ चालते, वर देवादिकांच्या मूर्ती. कैलास हलवू पाहणारा रावणही त्यांत आहे. भिंत कोनाकोनांत मोडत जाते, त्यामुळे एका जागी उभं राहून सगळं दिसतच नाही. वरचं पांढरं शिखर मागाहूनचं. औरंगजेबाच्या काळात मोडतोड झाली आणि अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केला, असं सांगतात.

चीनमधल्या सुझोऊच्या जुन्या बागा या देवळाच्या भिंतीसारख्याच पावलापावलाने उलगडतात. 16व्या शतकाच्या आरंभी घडू लागलेली तिथली झुओझेंग बाग 1997 पासून जागतिक वारसा यादीत आहे. भिंत आडवी येते, पूल वळतो, मग तळं दिसतं. घाई करणाऱ्याच्या हाती काही लागू नये, अशीच ती रचना. औंढ्यात तर खुद्द देवच खाली आहे. अरुंद वाटेने वाकून उतरावं तेव्हा भुयारासारख्या गाभाऱ्यात पिंडी दिसते.

नंदी समोर नाही, देवळामागे आहे. नामदेवांना कीर्तनासाठी मागे धाडलं तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरलं, ही कथा इथे लहान पोरंही सांगतात. पिंडीवर पाय ठेवून पहुडलेले विसोबा खेचर नामदेवांना भेटले, तेही इथेच, अशी वारकऱ्यांची श्रद्धा. नामदेवांचं नर्सी गाव याच हिंगोली जिल्ह्यात, कयाधूच्या काठी आहे.

आवारातली सासू-सुनेची बारव चुकवू नका. महाशिवरात्रीला आणि श्रावणी सोमवारी इथे पाय ठेवायला जागा नसते. ज्यांना शिल्पं बघायची आहेत त्यांनी एरवीची सकाळ धरावी, आधी बाहेरून पूर्ण फेरी मारावी आणि मगच रांगेत उभं राहावं.