न पाहिलेल्या सामन्याचा आनंद

खेळ हा पाहण्याचा विषय आहे, वाचण्याचा नव्हे, असे मानणारे लोक पुष्कळ आहेत आणि त्यांचे म्हणणे सकृद्दर्शनी पटण्याजोगे आहे. ज्या सामन्याचा निकाल काही क्षणांत जगभर पोचतो आणि ज्यातील प्रत्येक गोल हवा तितक्या वेळा पडद्यावर पाहता येतो, त्याविषयी दुसऱ्या दिवशी दोन रकाने वाचण्यात वेळ का दवडावा? तथापि असंख्य फुटबॉलरसिक तो वेळ आजही आनंदाने खर्च करतात. यामागे केवळ सवय आहे असे मानणे योग्य होणार नाही. आंतरराष्ट्रीय फुटबॉलचा इतिहास पाहिला तर लेखणी या खेळाच्या मागून चालत आली आहे असे दिसत नाही. प्रसंगी ती त्याच्या पुढेही चालली आहे.

याचे ठळक उदाहरण १९५४ सालचे आहे. त्या वर्षी १३ डिसेंबर रोजी इंग्लंडच्या वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्स या संघाने बुडापेस्टच्या होनवेद संघाचा ३-२ असा पराभव केला. वर्षभरापूर्वी वेम्ब्लीच्या मैदानावर इंग्लंडला ६-३ असे नमविणाऱ्या हंगेरीचे पुष्काशसारखे खेळाडू होनवेदमध्ये होते. साहजिकच इंग्लिश वृत्तपत्रांना विजयाचा उन्माद चढला आणि वुल्व्हरहॅम्प्टनला जगज्जेतेपद बहाल करण्यापर्यंत मजल गेली. पॅरिसच्या ‘लेकिप’ या क्रीडा दैनिकाचे गाब्रिएल आनो हे स्वतः फ्रान्सकडून खेळलेले. त्यांनी लिहिले की, या संघाने आधी मॉस्को आणि बुडापेस्ट येथे जाऊन खेळून दाखवावे; खरा श्रेष्ठ कोण हे ठरवायचे तर युरोपातील विजेत्या क्लबांची स्पर्धाच हवी. त्यांच्या दैनिकाने ही कल्पना उचलून धरली, नियम आखले, क्लबांना निमंत्रणे धाडली आणि सप्टेंबर १९५५ मध्ये स्पर्धा सुरूही झाली. १९५६ च्या पहिल्या अंतिम सामन्यात रेआल माद्रिदने रीम्सचा ४-३ असा पराभव केला. आजची चॅम्पियन्स लीग ही त्याच स्पर्धेची वारस होय. एका क्रीडालेखकाच्या शंकेतून युरोपीय फुटबॉलची एवढी मोठी संस्था उभी राहिली.

ब्राझीलची कथा निराळी, पण तितकीच बोलकी आहे. तेथील विख्यात नाटककार नेल्सन रॉड्रिग्स हे फुटबॉलवर नियमित सदर लिहीत. त्यांची दृष्टी अतिशय अधू होती. तरीही मार्च १९५८ मध्ये सतरा वर्षांच्या पेलेला त्यांनी आपल्या सदरातून राजपद बहाल केले. पेलेच्या दोन गोलांसह ब्राझीलने स्वीडनचा ५-२ असा पराभव करून विश्वचषक जिंकला, तो त्यानंतर तीन महिन्यांनी. रॉड्रिग्स यांचे ज्येष्ठ बंधू मारिओ फिल्यो हेही क्रीडापत्रकारच होते आणि रिओच्या जगप्रसिद्ध माराकाना स्टेडियमला अधिकृत नाव आहे ते त्यांचेच. ज्या देशाने इतके थोर खेळाडू जन्माला घातले, त्याने आपल्या सर्वांत मोठ्या मैदानाला एका पत्रकाराचे नाव द्यावे, यातच लेखणीचे मोल स्पष्ट होते.

आपल्या देशालाही या आनंदाची ओळख आहे. २४ सप्टेंबर १९७७ रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर पेलेचा कॉसमॉस संघ मोहन बागानशी खेळला आणि सामना २-२ असा बरोबरीत सुटला. तेथे लोटलेल्या अफाट जनसमुदायाला पेले ठाऊक होता तो प्रामुख्याने छापील मजकुरातून आणि छायाचित्रांतून. कोल्हापुरात तर तालमींच्या नावाने फुटबॉल संघ नांदतात आणि विश्वचषकाच्या दिवसांत पेठापेठांतून ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे फडकतात. दूरचित्रवाणीवर सामने नियमित दिसू लागण्यापूर्वी दूरदेशीच्या संघांशी मराठी रसिकाचे नाते मुख्यतः वाचनातूनच जुळले होते.

आता सारे काही दिसत असताना वाचनाची गरज उरली काय, असे कोणी विचारील. १८ डिसेंबर २०२२ चा विश्वचषकाचा अंतिम सामना आठवावा. सुमारे ऐंशीव्या मिनिटापर्यंत अर्जेंटिना २-० अशी आघाडीवर होती आणि फ्रान्स जवळजवळ निष्प्रभ. मग एम्बापेने अवघ्या दोन मिनिटांत दोन गोल केले. पडद्याने ते गोल दाखविले. परंतु फ्रान्सचे प्रशिक्षक देशाँ यांनी मध्यंतरापूर्वीच दोन आघाडीवीरांना बाहेर काढून कोलो मुआनी आणि थुराम यांना आणले होते. पहिल्या गोलाची पेनल्टी कोलो मुआनीने मिळवून दिली, दुसऱ्या गोलासाठी एम्बापेकडे चेंडू थुरामने दिला. आणि दरम्यान अर्जेंटिनाने डी मारियाला विश्रांती दिली होती. ही कारणपरंपरा जाणता लेखक उलगडतो, तेव्हा पाहिलेला सामना वाचक पुन्हा एकदा, आणि अधिक समजून, पाहतो. घटना आणि तिचा अर्थ या दोन भिन्न वस्तू आहेत.

अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर पहिल्या वस्तूची किंमत आज जवळजवळ शून्यावर आली आहे. दुसरीचा उत्पादनखर्च मात्र घटलेला नाही. प्रवास, अभ्यास, वर्षानुवर्षांचे निरीक्षण आणि भाषेवरील प्रभुत्व यांना स्वस्त पर्याय सापडलेला नाही. बाजाराने या दोहोंची गल्लत केली की काय होते, हे ब्यूनोस आयर्सच्या ‘एल ग्राफिको’ने दाखवून दिले. १९१९ साली सुरू झालेल्या आणि पिढ्यान्‌पिढ्यांना फुटबॉल कसा पाहावा हे शिकविणाऱ्या या नियतकालिकाची नियमित छपाई २०१८ मध्ये थांबली. अर्जेंटिनात फुटबॉलवेडाचा दुष्काळ पडला होता असे कोणीही म्हणणार नाही. वेड होते, त्याला आकार देणाऱ्या लेखनासाठी पैसे मोजण्याची तयारी ओसरली होती.

मराठी वृत्तपत्रांच्या क्रीडापानांवर क्रिकेटचा वरचष्मा आहे आणि त्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. परंतु पहाटेपर्यंत जागून सामने पाहणारा फुटबॉलरसिक या महाराष्ट्रातही आहे. त्याला गोलसंख्या आयती मिळते. त्याला हवा आहे तो आपल्या भाषेत त्या खेळाचा अर्थ सांगणारा लेखक. असा लेखक घडविण्यास वेळ आणि पैसा लागतो, हे संपादकांनी ओळखावे. आणि असे लेखन फुकट मिळत नाही, हे वाचकांनी.