खाच, व्होल्ट आणि सोल्डर

लॅपटॉपची रॅम वाढवायला मुंबईत लॅमिंग्टन रोडला जायचे, तर जुनी स्टिक सोबत नेणे हाच वीस वर्षांपूर्वी सर्वांत भरवशाचा उपाय होता. डीडीआर जातीची रॅम आणि २००३ साली आलेली डीडीआर२, दोन्हींच्या लॅपटॉपी स्टिकना पिना २००च, खाचही जवळजवळ त्याच जागी. व्होल्टेज मात्र एकीचे २.५, दुसरीचे १.८. शिवाय ३२ बिटांची विंडोज असली, तर हौसेने ४ जीबी टाकूनही पडद्यावर तीन-सव्वातीनच दिसे आणि शिव्या दुकानदार खाई.

२००७च्या डीडीआर३ने पिना २०४ केल्या, खाच सरकवली. चुकीची स्टिक आता बसतच नव्हती. ही निश्चिंती फार टिकली नाही. २०१०मध्ये डीडीआर३एलचे मानक आले: व्होल्टेज १.५ऐवजी १.३५, पिना तेवढ्याच, खाच तिथेच. एल स्टिक जुन्या लॅपटॉपमध्येही चालावी म्हणून हे साम्य ठेवलेले, आणि ती बहुधा चालेही. उलट दिशेला मात्र घात होता. इंटेलच्या चौथ्या पिढीचे, म्हणजे २०१३नंतरचे लॅपटॉप १.३५ व्होल्टचेच. त्यात १.५ची स्टिक टक् आवाज करून नीट बसे आणि पडदा काळाच राही. दोन्ही लेबलांवर १२८०० हाच आकडा. फरक फक्त ‘पीसी३’ आणि ‘पीसी३एल’ एवढा. शंका असेल तर एल घ्या, हा सल्ला त्या काळात सोन्यासारखा होता.

इंटेलच्या २०१५च्या स्कायलेक पिढीने नवा घोळ घातला. प्रोसेसरला डीडीआर३एल आणि पुढची डीडीआर४ दोन्ही चालत, पण बोर्डावर स्लॉट एकाच प्रकारचा. त्यामुळे प्रोसेसरच्या नावावरून रॅम ठरवणारे फसले. एकाच कंपनीची जोडी हवी, हा आग्रह मात्र मला नेहमीच अवाजवी वाटला. २४०० वेगाच्या स्टिकशेजारी ३२००ची बसवली तर सहसा दोन्ही २४००ने चालतात, एवढेच. डीडीआर५ला पिना २६२, डीडीआर४पेक्षा दोनच जास्त. पण खाच हलवलेली, म्हणून तिथे गोंधळ नाही.

खरा बदल वेगळ्याच बाजूने आला होता. २००८च्या मॅकबुक एअरमध्ये रॅम बोर्डावर सोल्डर केलेली होती. रॅम बदलता येणारा शेवटचा मॅकबुक २०१२चा. तो २०१६पर्यंत विकला गेला. पातळ विंडोज लॅपटॉपही त्याच वाटेने गेले. काहींत निम्मी रॅम पक्की आणि एक स्लॉट मोकळा, काहींत तोही नाही. अशी सोल्डर केलेली एलपीडीडीआर रॅम वीज कमी खाते, प्रोसेसरच्या जवळ बसवावी लागते. कारण खोटे नाही. पण पाच वर्षांनी किती लागेल याचा अंदाज आता खरेदीच्या दिवशीच बांधावा लागतो आणि जादा जीबीची किंमत लॅपटॉपवालाच ठरवतो.

डेलने २०२२मध्ये स्क्रूने बसणारे, बदलता येणारे कॅम हे रॅम मॉड्यूल आणले, २०२३च्या अखेरीस त्याचे मानकही झाले. लॅपटॉपमध्ये ते अजून दुर्मीळच. दरम्यान एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढून घेतली आणि २०२५च्या अखेरीस भाव भडकले. त्याच डिसेंबरात मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने क्रुशल या ब्रँडखालचा ग्राहक व्यवसाय बंद करण्याची घोषणा केली. लॅपटॉपचे मॉडेल टाकले की चालणाऱ्या स्टिकची यादी देणारी सोय ज्या कंपन्यांनी रुळवली, त्यांत क्रुशल ठळक होती.