गोंड्याचा रस

दसरा-दिवाळीला आमच्या आचऱ्याच्या घरी तोरण लागते ते गोंड्याचे. झेंडू हे नाव पुस्तकातले. आमच्या तोंडी गोंडाच. आणि वाचकहो, इतकी वर्षे ज्ञानेश्वरी शिकवूनही एक साधी गोष्ट माझ्या ध्यानी आली नव्हती : ज्ञानेश्वरांनी हे फूल कधी पाहिलेच नसेल! कोलंबस १४९२ साली अमेरिकेच्या वाटेला लागला, त्याआधी ते आपल्याकडे असणार कुठून?

गोंडा मूळचा मेक्सिकोचा. तेथील अ‍ॅझ्टेक लोक त्याला ‘सेम्पोआलशोचित्ल’ म्हणत, म्हणजे ‘वीस फुले’. त्यांची मोजणी विसांची, आपल्या कोडीसारखी. तेव्हा वीस म्हणजे पुष्कळ. साथींनी त्यांची गावेच्या गावे ओस पडत होती, त्या काळात, १५५२ साली, मार्तीन दे ला क्रूझ या त्यांच्यातल्या वैद्याने आपल्या वनौषधींचा सचित्र ग्रंथ रचला. तो लॅटिनमध्ये उतरवला हुआन बादियानो याने. व्हॅटिकनमध्ये राहिलेली ती पोथी १९९० मध्ये मेक्सिकोला परत मिळाली. पोटदुखीवर गोंड्याचा काढा तिकडे अजून पितात. नोव्हेंबरच्या आरंभी पितरांच्या वाटेवर त्याच्याच पाकळ्या पसरतात.

आमच्याकडे मात्र गोंडा पोटाचा नव्हे, कानाचा वैद्य! (टोमॅटोच्या मुळांवरचे सूत्रकृमी त्याच्या मुळांतील द्रव्याने मरतात, हे शेतकरी जाणतात; पण ती गोष्ट मातीतली.) मी आठ वर्षांचा असताना कान ठणकला, तेव्हा आईने परड्यातली पाने चुरगळून रस पिळला.

“गप रव रे झिला, वायच थंड वाटतला.”

खरेच थंड वाटले. पुढे कान वाहू लागला, नि डाव्या कानाने आजही मला वर्गातला मागचा बाक ऐकू येत नाही. पडद्याला आधीच भोक असले तर असला रस आतपर्यंत जातो, हे मला फार उशिरा कळले. माझा पडदा आधी फाटला होता की नाही, हे आता कोण सांगणार?

यंदा नवरात्रात माझ्या मुलीचा कान दुखू लागला. आई पाने घेऊन आली. मी तिचा हात धरला आणि डॉक्टरांकडे जायचे म्हणालो. ती क्षणभर थांबली.

“तुझो कान काय माझ्यामुळां गेलो?”

मी डावा कान तिच्याकडे करून उभा होतो. ऐकू आले नाही, असे मी दाखवले. तिने ती पाने सुपात टाकली नि गोंडे ओवायला बसली.